श्वास : अठरा

कागदावर अकरा ओळी होत्या, प्रत्येक ओळीपुढे दोन चौकटी होत्या आणि त्या भरायला मला दीड मिनिटही लागले नाही. या गोष्टीला आता वर्ष होत आले, तरी ते दीड मिनिट माझ्या मनातून जात नाही. उजळणी प्रशिक्षणाचा तो दुसरा दिवस होता. दुपारच्या जेवणानंतरची सुस्त वेळ, खिडक्यांवर जाड पडदे, छातीदाबाच्या सरावाचे रबरी पुतळे भिंतीलगत ओळीने निजवलेले, आणि हवेत स्पिरिटचा आणि कागदी पेल्यांतल्या गोड चहाचा एकमेकांत मिसळलेला वास. आम्ही तीस जण होतो. सगळे रुग्णवाहिकेवर काम करणारे, बरेचसे आदल्या रात्रीची पाळी संपवून तसेच आलेले. प्रशिक्षिका बाईंनी प्रत्येकाच्या हाती तो छापील कागद दिला आणि सांगितले, "गाडीवर जो तुमच्यासोबत असतो, त्याच्याविषयी भरा. स्वतःचे नाव लिहू नका." पहिल्या ओळीत शब्द होता 'सचोटी', आणि पुढच्या दोन चौकटींवर लिहिले होते 'सक्षम' आणि 'अजून सक्षम नाही'. माझे पेन दुसऱ्या चौकटीवर क्षणभर थांबले; मग मी पहिल्या चौकटीत खूण केली आणि उरलेल्या दहा ओळी जवळजवळ न वाचताच उतरून गेले.

बाईंनी कागद गोळा केले, मान खाली घालून बराच वेळ मोजले आणि फळ्यावर दोन आकडे लिहिले. 'सक्षम'च्या खाली ३३० आणि 'अजून सक्षम नाही'च्या खाली शून्य. त्यावर त्या काहीही बोलल्या नाहीत. खडू ठेवला, हात झटकले आणि भाजलेल्या रुग्णांविषयीचे पुढचे सत्र सुरू केले.

त्या शून्याच्या जागी निदान एक तरी खूण माझ्या हातची असायला हवी होती.

ज्यांच्याविषयी मी तो कागद भरला त्यांना मी दादा म्हणते. ते माझ्याहून अकरा वर्षांनी मोठे आहेत, तरी मला 'ताई' म्हणतात. पुणे-सातारा रस्त्यावर, खंबाटकी घाटाच्या अलीकडे आमची गाडी उभी असते. मी या कामात नवी होते तेव्हा चालत्या गाडीत सलाईनची सुई कशी लावायची हे मला त्यांनी शिकवले: एक गुडघा स्ट्रेचरच्या दांडीला टेकवायचा, कोपर रुग्णाच्या हातालाच लावून ठेवायचे म्हणजे गाडी हलली तर दोन्ही हात एकत्र हलतात, आणि वळण चालू असताना सुई उचलायची नाही. मृत माणसाच्या नातेवाइकांशी बोलताना आधी हातमोजे काढायचे, हेही त्यांनीच सांगितले. ही गोष्ट कोणत्याही पुस्तकात मला पुढे कधी आढळली नाही.

एका गळीत हंगामातली रात्र मला नेहमी आठवते. लोणंदच्या बाजूला उसाची दुहेरी ट्रॉली उलटली होती आणि मागे बसलेली एक तोडणी कामगार बाई रस्त्याच्या कडेला फेकली गेली होती. ती बेशुद्ध होती. मानेला पट्टा बसवायचा तर गळ्यातली पोत काढणे भाग होते, आणि ती मानेखाली अडकलेली असल्यामुळे दादांनी कात्रीने दोरा कापला. मणी सगळीकडे सांडले. काही गादीच्या शिवणीत गेले, काही रक्ताला चिकटले, काही खाली घरंगळले. बाईला आत घेतले, दवाखान्यात पोचवले, कॅज्युअल्टीच्या ताब्यात दिले. त्यानंतर पहाटे अडीचच्या थंडीत दादा टॉर्च घेऊन रिकाम्या गाडीत गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी एकेक मणी वेचला. मग ते चौकीतल्या हवालदारांसमोर टेबलावर मांडून त्यांनी मोजले आणि आमच्या कागदाच्या पाठीवर पोलिसी पद्धतीने लिहिले: पिवळ्या धातूच्या वाट्या दोन, पिवळ्या धातूचे मणी चौदा, काळे मणी एकशे बावीस. हवालदार म्हणाले, काळे मणी कोण मोजतो? दादा म्हणाले, "दोरा आपण कापलाय, साहेब. मोजून द्यायला पाहिजेत." हवालदारांनी सही केली, बाईच्या दिराने अंगठा दिला, आणि बाहेर आल्यावर दादांनी हात धुतले.

हाच माणूस रुग्णाचे श्वास मोजत नाही.

या वाक्याचे वजन बाहेरच्या माणसाला कळावे म्हणून थोडे सांगते. आमच्या प्रत्येक रुग्णाचा एक कागद असतो आणि त्यावर नाडी, रक्तदाब, ऑक्सिजनचे प्रमाण आणि श्वास असे आकडे लिहायचे असतात. पहिले तीन यंत्र दाखवते. श्वासाचा आकडा हलत्या गाडीत यंत्राच्या भरवशावर सोडता येत नाही; तो माणसाने छातीकडे पाहून, घड्याळ लावून, पूर्ण एक मिनिट मोजायचा असतो. गाडीत मिनिट फार महाग असते. त्या मिनिटात सायरन चालू असतो, नातेवाईक समोरच्या बाकावर रडत असतो, ऑक्सिजनची नळी निसटत असते. मग हात आपोआप एक आकडा लिहितो. निरोगी प्रौढाचे श्वास मिनिटाला बारा ते वीस. त्यात वीस सीमेवर येतो, सोळा थोडा कमी वाटतो आणि अठरा कुणाच्या डोळ्यांवर येत नाही. दादांच्या हातचे कागद मी वर्षानुवर्षे पाहिले आहेत. अपघातात अठरा, तापात अठरा, छातीत दुखणाऱ्याला अठरा, पोटुशी बाईला अठरा. ही खोड एकट्या दादांची नाही. जगभरच्या दवाखान्यांत सर्वांत निष्काळजीपणे लिहिला जाणारा आकडा हाच असतो. मी स्वतःही तो कितीदा न मोजता लिहिला आहे, हे मला ठाऊक आहे, आणि म्हणूनच पेन त्या चौकटीवर थांबूनही पुढे सरकले.

एका पावसाळी संध्याकाळी आम्ही सत्तरीच्या पुढच्या एका आजोबांना घेऊन निघालो होतो. चार दिवसांचा ताप, खोकला, आणि त्या दिवशी सकाळपासून ते असंबद्ध बोलू लागले होते. मधूनच बैलांना हाका मारत होते. ऑक्सिजन एक्क्याण्णव दिसत होता, म्हणून तो लावला. दादा आकडे सांगत गेले, मी लिहीत गेले. नाडी एकशे दहा, रक्तदाब शंभरावर साठ, "श्वास अठरा". मी दादांच्या शेजारी होते. त्यांनी छातीकडे पाहिले नव्हते, हे मला दिसले होते. माझ्या समोर आजोबांच्या गळ्याखालची खळगी प्रत्येक श्वासाबरोबर आत ओढली जात होती आणि चादर भरभर वरखाली होत होती. तरीही मी अठरा लिहिले. कॅज्युअल्टीत एका प्रौढ वयाच्या सिस्टरांनी आमचा कागद वाचला, आजोबांकडे पाहिले आणि त्यांचे मनगट हातात धरले. एक संपूर्ण मिनिट त्या हलल्या नाहीत. मग त्यांनी आमच्या अठरावर एक आडवी रेघ मारली आणि वर लिहिले बत्तीस. माझ्याकडे एकदा पाहिले. वॉर्डातल्या मामांना हाक मारून त्यांनी आजोबांची ट्रॉली आतल्या खोलीत नेली, आणि पुढे त्या आजोबांचे काय झाले ते मला कळले नाही. आमच्या कामात बहुतेक गोष्टींचा शेवट कळत नाही. दार बंद होते आणि पुढचा फोन येतो.

बत्तीस आणि अठरा यांच्यात किती अंतर आहे ते त्या रात्री मी पुन्हा पुस्तक काढून वाचले. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ साली आणलेली आणि २०१७ साली सुधारलेली एक गुणपद्धती आहे, जिच्यावरून रुग्ण किती वेगाने बिघडतो आहे याचा अंदाज बांधतात. श्वास बारा ते वीस असतील तर त्या रकान्यात शून्य गुण, पंचवीस किंवा अधिक असतील तर एकदम तीन. न्यूमोनियाची तीव्रता ठरवतानाही तीस ही एक धोक्याची खूण मानतात. म्हणजे आमच्या कागदाने आजोबांच्या वतीने सांगितले होते की श्वासाच्या बाबतीत चिंतेचे काही नाही. ते स्वतः सांगू शकत नव्हते. ते बैलांशी बोलत होते.

सिस्टरांनी मनगट का धरले, हे माझ्या क्षेत्रातल्या प्रत्येकाला माहीत असते. आपले श्वास मोजले जात आहेत हे कळले की माणसाचा श्वास बदलतो; तो सावध होतो, खोल घेतो, लय मोडतो. म्हणून नाडी पाहत असल्यासारखे मनगट धरायचे आणि नजर मात्र छातीवर ठेवायची. प्रशिक्षणानंतर मला वाटत राहिले की माणसाच्या वागण्याचेही हेच आहे. तपासणीला वरिष्ठ आले की आमची गाडी धुतलेली असते, गणवेश इस्त्रीचा असतो आणि आम्ही रुग्णाला 'अहो आजी' म्हणतो. पहाटे साडेतीनला, चौथ्या फोननंतर, दारूच्या वासाने भरलेल्या बंद डब्यात मी कशी बोलते, हे कोणत्याही वरिष्ठाला माहीत नसते. ते फक्त समोरच्या बाकावर बसलेल्या जोडीदाराला माहीत असते. महाराष्ट्रात २०१४ साली १०८ क्रमांकाची सेवा सुरू झाली तेव्हा ९३७ गाड्या रस्त्यावर आल्या, त्यांपैकी २३३ प्रगत आणि ७०४ मूलभूत जीवनरक्षक सुविधांच्या. रुग्णालयांच्या आणि संस्थांच्या गाड्या त्याहून वेगळ्या, आणि आम्ही त्या वेगळ्यांपैकी एकीवर. ही प्रत्येक गाडी म्हणजे चाकांवरची एक बंद खोली आहे. आत जे घडते त्याचा शुद्धीवरचा साक्षीदार पुष्कळदा सहकाऱ्याखेरीज दुसरा कुणी नसतो.

तो साक्षीदार गप्प का राहतो, याचा विचार करताना माझ्या मनात एकच क्रियापद येते: सांभाळून घेणे. आमच्या कामाचा सगळा जीव या शब्दात आहे. स्ट्रेचर जिन्यावरून उतरवताना वरचा माणूस खालच्याला सांगतो, "सांभाळून घ्या." रडणाऱ्या मुलीला मावशी म्हणतात, "आईला सांभाळून घेऊ आपण." माझ्या वडिलांच्या शस्त्रक्रियेच्या आठवड्यात दादांनी माझ्या तीन रात्री स्वतःच्या अंगावर घेतल्या तेव्हा ते एवढेच म्हणाले, "ताई, तुम्ही जा, इकडचं सांभाळून घेतो." त्याच शब्दाने मी त्यांचा अठरा सांभाळून घेतला. दोन्ही वेळी भावना एकच होती, तीच आपुलकी, तोच विश्वास. फक्त दुसऱ्या वेळी त्याचा भार आजोबांच्या छातीवर पडला. या शब्दाचे दोन अर्थ मला वेगळे करता येत नाहीत, आणि करता आले असते तर मी कदाचित बरी सहकारी झाले असते की वाईट, तेही ठरवता येत नाही.

माझ्या गप्प राहण्याचे मूळ मात्र त्याहून जुने आहे. माझे वडील जिल्हा परिषदेत लिपिक होते. दरवर्षी गोपनीय अहवालाचा काळ आला की आमच्या घरातले आवाज हळू होत. एका वर्षी त्यांच्या अहवालात प्रतिकूल शेरा आला; तो कळवणारे तपकिरी पाकीट घेऊन शिपाई घरी आला होता. शेरा काय होता ते मला आजही ठाऊक नाही. वडील दोन दिवस जेवताना बोलले नाहीत आणि आई त्यांच्या ताटात न मागता भाकरी वाढत राहिली, एवढे आठवते. लिहिलेला शब्द माणसाच्या भाकरीपर्यंत पोचतो, हे मी त्या वयात शिकले. दादांना दोन मुली आहेत, त्यांची नोकरी कराराची आहे, आणि तो कागद पुढे कुणाच्या टेबलावर जाणार हे आम्हाला कुणी सांगितले नव्हते. ज्या ठिकाणी सहकाऱ्याविषयी लिहिलेले वाक्य वर्षअखेर मेमो होऊन परत येऊ शकते, तिथे तीस माणसांनी तीनशे तीस खुणा एकाच बाजूला कराव्यात, यात मला भ्याडपणापेक्षा शहाणपण अधिक दिसते. जो कागद भरून घेतो त्याने आधी हे स्पष्ट करायला हवे की तो शिकण्यासाठी आहे की शिक्षेसाठी. हे न सांगता सचोटीची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे, असे माझे ठाम मत आहे.

तरीही त्या कागदाविषयी मला कुतूहल वाटले म्हणून पुढे मी तो कुठून आला हे शोधले. अमेरिकेच्या वाहतूक खात्याने १९९८ साली पॅरामेडिकसाठी जो राष्ट्रीय अभ्यासक्रम तयार केला, त्यात व्यावसायिक वर्तनाच्या मूल्यमापनाचा हा नमुना आहे. तिथे तो विद्यार्थ्यांसाठी होता. आमच्या बाईंनी तो मराठीत आणून जोडीदारांच्या हाती दिला. त्यात सहवेदना आहे, वैयक्तिक स्वच्छता आहे, वेळेचे भान आहे, रुग्णाची बाजू घेणे आहे. प्रत्येक शब्दाखाली त्या गुणाची उदाहरणे दिली आहेत, जी मी त्या दुपारी वाचली नव्हती. 'सचोटी'खालची उदाहरणे वाचताना मी थांबले. दुसऱ्याची मालमत्ता विश्वासाने सोपवता येणे, हे त्यातले एक. रुग्णसेवेची संपूर्ण आणि अचूक नोंद ठेवणे, हे दुसरे. दोन्ही एकाच ओळीत, एकाच चौकटीपुढे. एकशे बावीस काळे मणी आणि न मोजलेले अठरा श्वास, दोन्ही त्याच एका शब्दाखाली येत होते, आणि खूण मात्र एकच करायची होती. मला तेव्हा जाणवले की अडचण माझ्या एकटीच्या धैर्याची नव्हती. माणूस एका चौकटीत मावत नाही, हे खरे आहे. पण आजोबांचा श्वासही दादांच्या चांगुलपणात मावत नाही, हेही तितकेच खरे आहे.

आणि दुसऱ्या चौकटीवरचा 'अजून' हा शब्द मी नीट वाचलाच नव्हता. मला ती चौकट म्हणजे 'नाही' वाटली होती, तपकिरी पाकीट वाटली होती. 'अजून' म्हणजे काय, तर होईल असे धरून चाललेले आहे. आपण अंगणात वाट पाहताना म्हणतो, अजून आला नाही. दादांविषयी मी तो शब्द सहज लिहू शकले असते, आणि स्वतःविषयीही.

गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस लहान मुलांच्या न्यूमोनियावर जे काम केले, त्यातल्या एका साधनाची आठवण मला या सगळ्यात सतत होत राहिली. बाळाचे श्वास मोजले तर न्यूमोनिया ओळखता येतो, हे माहीत होते. दोन महिन्यांपासून वर्षापर्यंतच्या बाळाला मिनिटाला पन्नास किंवा अधिक श्वास म्हणजे धोका. पण गावातल्या निरक्षर सुईणींना पन्नासपर्यंत मोजता येत नव्हते. त्यांच्यासाठी एक श्वासमापक बनवला गेला: एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि सरकवायचे मणी. वाळू पडत राहायची, बाई श्वासांबरोबर मणी सरकवत राहायची, आणि वाळू संपण्याआधी मणी कुठवर पोचले त्यावरून बाळाला औषध द्यायचे की नाही हे ठरायचे. झोपडीतला अंधार, चुलीचा धूर, मांडीवर धापा टाकणारे बाळ, आणि एक संपूर्ण मिनिट त्याच्या पोटाकडे पाहत बसलेली सुईण, असे चित्र मी मनात कितीदा रंगवले आहे. त्या बायकांना आकडे येत नव्हते म्हणून त्यांना न मोजता लिहिण्याची सवयही लागली नव्हती. मला शंभरापुढचेही आकडे येतात.

दादांशी मी यावर बोलायला चार महिने लावले. निमित्त काढून बोलायचे नाही, असे ठरवले होते, आणि एका रात्री गाडी धुऊन झाल्यावर, पायलट मामा, म्हणजे आमचे चालक, पुढे झोपलेले असताना, मागच्या उघड्या दाराशी बसून मी एकदम म्हणाले, "दादा, मी त्या दिवशी फॉर्मवर तुमचं सगळं सक्षम लिहिलं. ते खरं नव्हतं." मग आजोबांचे सांगितले, सिस्टरांची रेघ सांगितली, आणि लिहिणारा हात माझाच होता हेही सांगितले. ते बराच वेळ समोरच्या अंधाराकडे पाहत राहिले. रस्त्यावरून ट्रक जात होते आणि दर ट्रकबरोबर आमचे दार थोडे हलत होते. मला वाटले की आता आमच्यातले काहीतरी तुटले. मग ते शांतपणे म्हणाले, "मीही तुमचं सगळं सक्षमच लिहिलं, ताई. ती सासवडकडची बाई आठवते? फवारणीचं औषध प्यायलेली?"

मला आठवत होती. पंचवीस-सव्वीस वर्षांची, तोंडातून लाळ गळत असलेली, कीटकनाशकाच्या त्या लसणासारख्या उग्र वासाने अख्खी गाडी भरलेली. तिला उलटी होत असताना मी तिची मान एका बाजूला धरली होती आणि धरल्या धरल्या म्हणाले होते, "पोरांचा तरी विचार करायचा होतास." ती शुद्धीवर होती. तिने डोळे मिटले. दादांनी ते ऐकले होते, तिचे डोळे मिटलेले पाहिले होते, आणि 'सहवेदना' या ओळीपुढे त्यांनी माझ्यासाठी 'सक्षम' अशी खूण केली होती. २०१७ सालच्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या ११५व्या कलमाने असे मानले आहे की जीव देण्याचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली असते आणि त्याबद्दल तिला शिक्षा होऊ नये. शिक्षा मी दिली होती, चालत्या गाडीत, दादांसमोर. "तुम्ही त्या दिवशी सकाळपासून सहा केस केल्या होत्या," दादा म्हणाले, "म्हणून मी गप्प बसलो." म्हणजे तेही मला सांभाळूनच घेत होते. दोन वर्षे त्यांनी ते मनात ठेवले होते, माझ्याशी तितक्याच मायेने वागत. त्या रात्री मला लाज वाटली, थोडा रागही आला, आणि कुणीतरी मला नीट पाहिले आहे याचे एक विचित्र समाधानही वाटले. या तिन्हींतले कोणते अधिक होते ते मला अजून सांगता येत नाही.

त्यानंतर सगळे बदलले, असे मी लिहिणार नाही. सवय मनगटात असते. पुढच्याच आठवड्यात दादांनी एका तापाच्या रुग्णाला पुन्हा "अठरा" सांगितले, आणि मी पेन कागदावर न टेकवता विचारले, "मोजले?" त्यांच्या कपाळावर एक आठी उमटली आणि मावळली. ते खाली वाकले आणि त्यांनी घड्याळ पाहिले. तो रुग्ण खरोखरच अठराचा निघाला, आणि मला विचारल्याचे वाईट वाटले. मग वाईट का वाटावे, याचेही वाटले. काही दिवस ते माझ्याशी तुटक वागले. काही दिवस मीच न मोजता लिहिले आणि तेव्हा त्यांनी विचारले, "मोजले, ताई?" मला तो प्रश्न आवडला नाही. तो आवडण्यासारखा नसतोच, आणि ज्या जोडीदारांना तो एकमेकांना विचारता येतो, त्यांच्या गाडीत माझ्या आईला न्यावे असे मला वाटते.

या पावसाळ्यात फवारणीचे दिवस सुरू झाल्यावर पुन्हा तसाच फोन आला. घरासमोरच्या ओल्या अंगणात बाई पडलेली होती, तोच वास होता, शेजारणी पदर तोंडाला लावून उभ्या होत्या, आणि दाराच्या चौकटीत एक लहान मुलगा शाळेच्या कपड्यांत उभा होता. तिला गाडीत घेतले, तोंडातली लाळ ओढून काढली, ऑक्सिजन लावला. मुलाचा चेहरा माझ्या डोळ्यांसमोरून हलत नव्हता, आणि ते जुने वाक्य माझ्या ओठांपर्यंत आले. मला त्याची चव जाणवली. मी वर पाहिले तर स्ट्रेचरच्या पलीकडून दादा माझ्याकडे पाहत होते. त्या नजरेत राग नव्हता, सूचनाही नव्हती. ते फक्त पाहत होते. मी तिच्या कपाळावरचे केस बाजूला केले आणि तिला तिचे नाव विचारले. तिने ते सांगितले, फार हळू. मी पेन उचलले आणि श्वासाच्या रकान्याशी थांबले. दादांनी तिचे मनगट धरले होते, नजर तिच्या छातीवर होती आणि दुसऱ्या हातातले घड्याळ दिव्याखाली धरले होते. मिनिट अजून पूर्ण व्हायचे होते, म्हणून मी काही विचारले नाही.